मोठा धक्का होऊन गेला, आता घरी जायचं का?

खडकमाती | १९ सप्टेंबर २०२५, सकाळी ९.१०

रशियाच्या अतिपूर्वेकडच्या कामचात्का द्वीपकल्पात आज पुन्हा ७.८ चा भूकंप झाला. गेल्या शनिवारी ७.४ झाला होता. दोन्ही वेळा त्सुनामीचे इशारे निघाले. ओळखीच्या दोघातिघांनी विचारलं, "तिथला मोठा भूकंप जुलैतच होऊन गेला ना? मग आता हे काय?" म्हणून हा धागा काढतोय. मी भूभौतिकी शिकवतो. वर्गात दरवर्षी हाच प्रश्न येतो आणि त्याच्या उत्तरावर माणसांचे जीव अवलंबून असतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

२० जुलैला कामचात्काच्या पूर्व किनाऱ्याजवळ ७.४ चा भूकंप झाला. त्यानंतर छोटे धक्के सुरू झाले आणि सगळ्यांनी ते त्या ७.४ चे नंतरचे धक्के म्हणून मोजायला घेतले. दहा दिवसांनी, ३० जुलैला, ८.८ आला. ज्याला मुख्य समजत होतो तो पूर्वधक्का निघाला. पूर्वधक्का, मुख्य धक्का, नंतरचा धक्का ही नावं मागे वळून पाहताना दिलेली असतात. जमीन हलत असताना जगातला कुठलाही भूकंपतज्ज्ञ सांगू शकत नाही की हा यातला कोणता.

आता जुनी गोष्ट. याच किनाऱ्यावर १९५२ च्या नोव्हेंबरमध्ये ९.० चा भूकंप झाला होता. कुरील बेटांमध्ये सेवेरो-कुरील्स्क नावाचं मासेमारीचं गाव आहे. तिथे पहाटेच्या अंधारात जमीन हादरली आणि सुमारे पाऊण तासानं पहिली लाट आली. लोक मागच्या टेकड्यांवर पळाले आणि वाचले. पाणी ओसरलं. थंडीचे दिवस, अंगावर धड कपडे नाहीत, घरचं कोण कुठे आहे ते कळत नाही. लोक खाली उतरले. मग दुसरी लाट आली, पहिलीपेक्षा कितीतरी मोठी. सहा हजारांच्या वस्तीतली २,३३६ माणसं गेली, असं अधिकृत आकडा सांगतो. ही बातमी सोव्हिएत सरकारनं कित्येक वर्षं बाहेर येऊ दिली नाही.

ही माणसं वाचली होती, पळून सुरक्षित जागी पोचली होती. ती गेली परत आल्यामुळे. मला या धाग्यात मुख्य सांगायचंय ते हेच.

गाव नंतर दुसऱ्या जागी वसवलं. यंदा ३० जुलैला त्याच गावावर पुन्हा लाटा आल्या, बंदर पाण्याखाली गेलं. लोक आधीच उंचावर गेले होते. एकही माणूस दगावलं नाही.

पहिलीच लाट सगळ्यात मोठी का नसते? कारण त्सुनामी ही एक लाट नसून लाटांची माळ असते. तळ उचलला गेला की सगळं पाणी, अगदी चार किलोमीटर खोलीपर्यंतचं, एकदम हलतं. त्यातल्या काही लाटा थेट येतात, काही समोरच्या किनाऱ्यावर आपटून उलट फिरतात, काही उथळ पट्ट्यात अडकून किनाऱ्याला समांतर धावत राहतात. आखाताच्या आत पाणी परातीतल्या पाण्यासारखं हिंदकळतं. दोन शिखरांमध्ये दहा मिनिटं जातात, कधी तासभरही. पाणी मागे गेलं म्हणजे संपलं असं वाटायला तेवढा वेळ पुरेसा असतो.

---

मोरपंखी | १९ सप्टेंबर, सकाळी ९.४६

धाग्यासाठी खूप आभार. माझा धाकटा भाऊ कामानिमित्त जपानच्या होक्काइदो बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. ३० जुलैला त्यांना सगळ्यांना उंचावरच्या एका शाळेत नेलं होतं. टीव्हीवर सांगितलं की तिथल्या नेमुरोला पहिली लाट ३० सेंटीमीटरची आली. ते ऐकून हा आणि त्याचे दोन सहकारी तासाभरात खोलीवर परत आले. त्याला काही झालं नाही, आणि त्यामुळेच आता त्याला वाटतं की पुढच्या वेळी जायचीसुद्धा गरज नाही. मी काय सांगू त्याला? मला नीट मांडता येत नाही, तो "ताई, तू उगाच घाबरतेस" म्हणतो.

---

खडकमाती | १९ सप्टेंबर, सकाळी १०.२०

मोरपंखी, त्या दिवसाचं पुढचं त्याला सांगा. ती ३० सेंटीमीटरची लाट सकाळी साडेदहाच्या सुमारास मोजली गेली. इवाते प्रांतातल्या कुजी बंदरात १.३ मीटरची लाट आली ती दुपारी, भूकंपानंतर पाच तास उलटून गेल्यावर. आणि जपाननं शेवटचा इशारा उठवला तो दुसऱ्या दिवशी.

"पहिली लाट छोटी होती" या वाक्यानं याआधीही घात केलाय. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये मोठा भूकंप दुपारी २.४६ ला झाला. थोड्याच वेळात बातमी आली की किनाऱ्यावरच्या ओफुनातोला पहिली लाट २० सेंटीमीटरची नोंदली गेली. ते ऐकून काही लोक थांबले, असं नंतरच्या चौकशीत दिसलं. पुढे त्सुनामीनं काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर २०१३ मध्ये जपानच्या हवामान संस्थेनं पद्धतच बदलली. मोठ्या त्सुनामीचा इशारा लागू असेल आणि पहिली लाट अपेक्षेपेक्षा खूप लहान असेल, तर आता आकडा जाहीर करत नाहीत, फक्त "मोजणी चालू आहे" एवढंच सांगतात. आकडा खरा असूनही तो लोकांना चुकीचं काही सांगत होता.

आणि ३० सेंटीमीटरला हसू नका म्हणावं. ही समुद्रावरची रोजची लाट नव्हे, जी गुडघ्याला लागून मागे जाते. हे पाणी मिनिटामागून मिनिट एकाच दिशेला वाहत राहतं. एवढ्या पाण्यातही मोठा माणूस उभा राहू शकत नाही.

---

शशांक_७१ | १९ सप्टेंबर, सकाळी ११.०५

माझं मत थोडं वेगळं आहे, गैरसमज नसावा. जुलैत जपानमध्ये वीस लाखांच्या आसपास लोकांना हलायला सांगितलं. भर उन्हाळ्यात म्हातारीकोतारी माणसं गच्चीवर आणि टेकडीवर बसली. लाट आली सव्वा मीटरची. असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी कोण हलणार? "लांडगा आला रे आला" ची गत होते. इशारे अचूक नसतील तर ते कमी द्यावेत.

---

जलतरंग | १९ सप्टेंबर, सकाळी ११.१८

शशांक यांच्याशी काही अंशी सहमत. शिवाय सुरुवातीला जपाननं फक्त १ मीटरची सूचना दिली होती आणि तासाभरानं ती ३ मीटरच्या इशाऱ्यावर नेली. त्यांनाच नक्की माहीत नव्हतं का?

---

खडकमाती | १९ सप्टेंबर, दुपारी १२.३२

दोघांचे प्रश्न महत्त्वाचे आहेत. आधी जलतरंग यांचा.

नाही, नक्की माहीत नव्हतं, आणि पहिल्या काही मिनिटांत ते माहीत असूही शकत नाही. ८.८ चा भूकंप म्हणजे शेकडो किलोमीटर लांबीची भेग. ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उसवत जाते, त्यालाच काही मिनिटं लागतात. २००४ मध्ये सुमात्राजवळ जवळजवळ १,३०० किलोमीटर उसवले, आठ-दहा मिनिटं लागली. पण इशारा तर तीन मिनिटांत द्यायचा असतो, कारण जवळच्या किनाऱ्यावर लाट अर्ध्या तासात पोचते. म्हणून पहिला अंदाज बहुतेक वेळा कमी येतो. कामचात्काचा पहिला आकडा ८.० होता, मग ८.७ झाला, मग ८.८. २०११ मध्ये जपानचा पहिला अंदाज ७.९ होता आणि मियागी प्रांताला ६ मीटर, इवातेला ३ मीटर असा इशारा गेला. अर्ध्या-पाऊण तासात तो १० मीटरवर नेला, पण तोपर्यंत बऱ्याच ठिकाणी वीज गेली होती. सुधारलेला आकडा कित्येकांच्या कानावर पोचलाच नाही. ज्यांनी "३ मीटर" ऐकलं आणि आपली किनाऱ्यावरची संरक्षक भिंत त्यापेक्षा उंच आहे असा हिशेब केला, त्यांना दुसरी संधी मिळाली नाही.

म्हणून २०१३ पासून जपानजवळ ८ च्या वरचा भूकंप झाला आणि त्याची नेमकी ताकद लगेच कळत नसेल, तर ते पहिल्या इशाऱ्यात आकडाच देत नाहीत. "प्रचंड" असा शब्द देतात. माझ्या मते गेल्या काही दशकांतला हा फार शहाणपणाचा बदल आहे.

आता शशांक. इशारे कमी दिले तर काय होतं त्याचं उदाहरण २७ फेब्रुवारी २०१० चं. चिलीत ८.८ चा भूकंप झाला, पहाटे. तिथल्या यंत्रणेनं त्सुनामीचा इशारा मागे घेतला, आणि लाटा त्यानंतरही येत राहिल्या. माणसं गेली. कोळीवाड्यांमधले पुष्कळ लोक कुणाची वाट न बघता आपणहून डोंगरावर गेले होते म्हणून आकडा आणखी वाढला नाही.

त्याच भूकंपाची लाट पॅसिफिक ओलांडून जपानला पोचली. तिथे ३ मीटरचा इशारा होता, मापकांवर १.२ मीटरच्या आसपास नोंद झाली. अंदाज जास्त दिला म्हणून हवामान संस्थेनं माफी मागितली. आणि जेमतेम वर्षभरानं २०११ आला. एकाच भूकंपात एका देशानं कमी सांगितलं, दुसऱ्यानं जास्त. जास्त सांगणाऱ्यांना माफी मागावी लागली, कमी सांगितलेल्या ठिकाणी अंत्यसंस्कार करावे लागले. या दोन चुका एका तराजूत घालता येत नाहीत.

तुमची काळजी खरी आहे, लोक कंटाळतात. पण त्यावरचा उपाय इशारे कमी देणं हा नाही असं मला ठामपणे वाटतं. इशारा म्हणजे भविष्यवाणी नाही, हे लोकांना शांत दिवसांत समजावून सांगायला हवं.

---

शशांक_७१ | १९ सप्टेंबर, दुपारी १२.५०

चिलीचं माहीत नव्हतं. विचार करतो.

---

ओंजळ | १९ सप्टेंबर, दुपारी २.१५

इतकी वर्षं मायाजालावर वाचनमात्र होतो. आज लिहितो.

२०११ मध्ये मी जपानमधल्या शिओगामात राहत होतो, सेंदाईच्या पूर्वेला, बंदराच्या गावात. शिकायला होतो. ११ मार्चबद्दल मला लिहायचं नाही. ७ एप्रिलबद्दल लिहितो, कारण हा धागा त्याच्याबद्दल आहे.

जवळजवळ चार आठवडे झाले होते. वीज परत आली होती. नंतरचे धक्के इतके होत होते की बसल्या जागी आम्ही आकडा सांगायचो, चार, साडेचार, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचा. सवय झाली होती. त्याच दिवशी संध्याकाळी मी पहिल्यांदा पुस्तकं खोक्यातून काढून फळीवर लावली. आता संपलं, असं मनात ठरवूनच लावली.

रात्री साडेअकराला मोबाइलवर भूकंपाच्या इशाऱ्याचा तो विशिष्ट आवाज झाला आणि दोनच क्षणांत जमीन उसळली. ७ हून मोठा धक्का होता. फळी पुस्तकांसकट अंगावर आली. वीज गेली. अंधारात काच कुठे पडलीय कळेना आणि चपला दाराशी. चार आठवडे चपला उशाशी घेऊन झोपायचो, त्या दिवशीच दाराशी ठेवल्या होत्या.

ध्वनिक्षेपकावरून त्सुनामीचा इशारा सुरू झाला. बाहेर आलो तर शेजारच्या आजी निघालेल्या. सत्तरीच्या पुढच्या. पायात रबरी बूट, पाठीला पिशवी, हातात विजेरी. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "पायाला लागलंय, पण चालता येतंय ना? मग चल." आम्ही देवळाच्या टेकडीवर गेलो. पायऱ्यांवर शेदोनशे माणसं असतील, जवळपास कुणी बोलत नव्हतं.

अर्ध्या तासानं एक तरुण मुलगा म्हणाला, काही येत नाहीये, मी खाली जाऊन येतो. आजींनी त्याची बाही धरली. गेल्या महिन्यात त्यांच्या गल्लीतला एक माणूस पहिलं पाणी ओसरल्यावर गाडी काढायला उतरला होता. एवढं सांगितलं, पुढचं सांगितलं नाही. मुलगा बसला.

तासा-दीड तासानं इशारा उठला. त्या रात्री लाट आलीच नाही. खाली उतरताना मला वाटलं होतं की आजी वैतागल्या असतील, झोपमोड झाली, थंडीत बसावं लागलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं, आली नाही." मग आपलं दार बंद करून आत गेल्या.

शशांकजी, तुमच्यावर टीका म्हणून लिहीत नाही. मला पण तेव्हा अठ्ठावीस दिवसांत कंटाळा आला होता.

---

मोरपंखी | १९ सप्टेंबर, दुपारी २.३१

ओंजळ, वाचून गप्प झाले. लिहिल्याबद्दल मनापासून आभार. भावाला हे जसंच्या तसं पाठवते आहे.

---

काँक्रीट | १९ सप्टेंबर, दुपारी ३.४०

स्थापत्य अभियंता म्हणून एक भर घालतो. समुद्रापासून दूर असलेल्यांनाही नंतरचा धक्का तेवढाच घातक असतो, कारण इमारत आधीच दुखावलेली असते. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला ४ सप्टेंबर २०१० ला ७.१ झाला, इमारतींखाली कुणी मेलं नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. २२ फेब्रुवारी २०११ ला ६.२ झाला. आकड्यानं लहान, पण उथळ आणि अगदी शहराखाली. १८५ माणसं गेली, त्यातली ११५ एका सहा मजली इमारतीत. नेपाळमध्येही २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ नंतर १२ मेला ७.३ आला आणि पुन्हा दोनशेहून जास्त माणसं गेली.

भिंतीला पडलेली तिरकी चीर, खांबाच्या टोकाशी सुटलेलं काँक्रीट, एकदम अडकायला लागलेलं दार, यातलं काही दिसलं तर तपासणी होईपर्यंत आत झोपू नका. सामान आणायलाही नको. तपासणीला आम्ही जातो तेव्हा लोक हमखास "फक्त दोन मिनिटं" म्हणतात.

---

अनुराधा_ग | १९ सप्टेंबर, दुपारी ४.०२

मग हे धक्के किती दिवस चालतात? काही नियम आहे का, की सगळंच बेभरवशाचं?

---

खडकमाती | १९ सप्टेंबर, दुपारी ४.५५

अनुराधाताई, नियम आहे आणि तो जपानी शास्त्रज्ञ ओमोरी यांनी १८९४ मध्येच मांडला. तीन वर्षांपूर्वीच्या, म्हणजे १८९१ च्या नोबी भूकंपानंतरचे धक्के मोजत बसल्यावर त्यांना दिसलं की धक्क्यांची संख्या दिवसांच्या व्यस्त प्रमाणात घटते. पहिल्या दिवशी शंभर असतील तर दहाव्या दिवशी साधारण दहा, शंभराव्या दिवशी एक.

आता यातली मेख बघा. कमी होते ती संख्या. धक्क्याची ताकद दिवसांबरोबर कमी होत नाही. ८.८ नंतर आठवा आठवडा चालू असताना आज ७.८ आला तो असाच. धक्के विरळ झाले की आपल्याला वाटतं ते अशक्तही झाले, तसं नसतं. ओंजळ यांनी पुस्तकं फळीवर लावली ती याच भरवशावर, आणि कुणीही लावली असती.

दुसरा एक ढोबळ ठोकताळा असा की नंतरचा सगळ्यात मोठा धक्का मुख्य धक्क्यापेक्षा सरासरी १.२ नं कमी असतो. ८.८ मधून १.२ गेले की ७.६. आज ७.८ झाला, म्हणजे अंदाजाच्या आसपासच. पण ही सरासरी आहे, हमी नाही. आणि ७.८ हा काही "नंतरचा छोटा धक्का" नव्हे. समुद्राखाली उथळ असेल तर तो स्वतःची वेगळी त्सुनामी उठवू शकतो.

म्हणूनच शब्दसुद्धा बदलले. २०१६ मध्ये जपानच्या कुमामोतोत १४ एप्रिलला ६.५ झाला. नंतरचे धक्के येतील असं सांगितलं गेलं. "नंतरचे" म्हटलं की लोक "लहान" असं ऐकतात. काही जण घरी परतले. १६ एप्रिलला मध्यरात्रीनंतर ७.३ झाला. त्यानंतर जपानच्या यंत्रणांनी सुरुवातीच्या सूचनांमध्ये हा शब्द वापरणं सोडलं. आता सांगतात की पुढचा आठवडाभर याच ताकदीचे भूकंप होऊ शकतात. मराठी बातम्यांनीही "सौम्य पश्चात धक्के" हा छापील शब्दप्रयोग सोडावा, अशी माझी फार इच्छा आहे.

---

जुनाखलाशी | १९ सप्टेंबर, संध्याकाळी ६.२०

बोटीवर उभी हयात गेली. जमिनीवरच्यांना उंच जायला सांगतात, आम्हाला खोल जायला. खोल समुद्रात ही लाट ताशी सातशे किलोमीटरनं जाते, पण उंची इतकी कमी आणि लांबी इतकी अफाट की जहाजाखालून गेलेली कळतही नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की ती मंदावते, आखडते आणि उंच होते. म्हणून वेळ हातात असेल तर बंदर सोडून बाहेर पडायचं आणि इशारा उठेपर्यंत परत यायचं नाही. लाटा थांबल्या तरी बंदराच्या तोंडाशी प्रवाह कितीतरी तास वेडेवाकडे चालू असतात.

वेळ नसेल तर बोट सोडायची. हे मी तरुण पोरांना हात जोडून सांगत आलो. कर्ज काढून घेतलेली बोट असते, जीव तिच्यात अडकतो. भूकंप झाल्यावर किनाऱ्यावरून बोट वाचवायला धावू नका. पाण्यापुढे तुम्ही पळू शकत नाही.

---

मोरपंखी | १९ सप्टेंबर, संध्याकाळी ७.०५

एकच शेवटचा प्रश्न. भाऊ विचारतोय, इशारा ऐकूच आला नाही तर? आणि परत केव्हा यायचं, तेवढं नेमकं सांगा म्हणाला.

---

खडकमाती | १९ सप्टेंबर, संध्याकाळी ७.४०

किनाऱ्यावर असताना जमीन मिनिटभर किंवा जास्त हलत राहिली, किंवा उभं राहणं अवघड झालं, तर तोच इशारा. दुसऱ्याची वाट बघायची नाही. मात्र हलणं सौम्य होतं म्हणून निर्धास्तही राहू नये, काही भूकंप हळू उसवतात आणि पाणी जास्त उठवतात. पाणी आधी मागे हटेलच असंही नाही, कधी थेट चढत येतं. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या लाटेची आठवण लोकांनी गाण्यांतून आणि गोष्टींतून जपली होती. २००४ मध्ये तिथे कुठलीही यंत्रणा नव्हती. लोक जमीन हलल्याबरोबर डोंगरावर गेले. सत्तर हजारांहून जास्त वस्तीतली सात माणसं गेली.

परत यायचं ते इशारा अधिकृतपणे उठल्यावर. समुद्र शांत दिसतो म्हणून नाही, शेजारी निघाले म्हणून नाही. आणि वर बसलेले असताना पुन्हा मोठा धक्का झाला, तर मोजणी पुन्हा शून्यापासून.

शाळा किती उंचावर आहे आणि खोलीपासून चालत किती वेळ लागतो, हे त्यानं एकदा रात्री जाऊन बघावं. गाडीनं नाही, पायी.

---

मोरपंखी | २० सप्टेंबर, रात्री ९.५०

आज जेवण झाल्यावर तो आणि ते दोघे सहकारी पायी गेले. नकाशा अकरा मिनिटं दाखवत होता. अंधारात, शेवटच्या चढासकट, एकोणीस लागली. मधल्या एका गल्लीत दिवा नाही आणि तिथून नदी जवळ आहे, म्हणून उद्या दुसऱ्या रस्त्यानं जाऊन बघणार आहेत. बूट पलंगाखाली ठेवलेत, फोटो पाठवला मला.